कोलेस्टेरॉल आणि आपल्या घरातील तेलाचा हिशेब

आरोग्य हीच खरी संपत्ती, हे वाक्य शाळेच्या भिंतीवर वाचत आपण सर्व जण मोठे झालो. त्या वयात त्याचा अर्थ फारसा कळत नव्हता. आज चाळिशी ओलांडली की तोच अर्थ रक्ततपासणीच्या कागदावर आकड्यांत छापून हातात पडतो आणि त्यातला 'कोलेस्टेरॉल' हा शब्द वाचून माणूस घाबरून जातो. कोणी अंडी सोडतो, कोणी तूप बंद करतो, कोणी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून महागडे तेल आणतो. थोड्या दिवसांनी भीती ओसरते आणि ताट पूर्वीसारखे होते. या विषयाची सोपी व खात्रीची माहिती समाजबांधव व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवावी, या हेतूने हा लेखप्रपंच.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतील कारकून आहे. परंतु बँकेच्या काउंटरवर मयत खातेदारांच्या वारसांचे अर्ज येतात. अर्ज भरून देताना खातेदाराचे वय नजरेस पडते. पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकावन्न. "काय झालं होतं ताई?" असे विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, "अटॅक आला." घरकर्जाचे हप्ते अर्धे राहिलेले असतात, मुलगी बारावीला असते, आणि त्या घरातला पगार आणणारा तो एकटाच असतो. आपल्यातील अनेक घरांत शिकून नोकरीला लागलेली ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे. शेतमजुरी, हमाली करणाऱ्या आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन जी पिढी खुर्चीपर्यंत पोचवली, ती खुर्चीवरच आजारी पडू लागली आहे. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा राहत नाही.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा एक स्निग्ध पदार्थ आहे. १७६९ च्या सुमारास तो प्रथम पित्ताशयातील खड्यांमध्ये आढळला. पुढे १८१५ मध्ये शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिले. ग्रीक भाषेत 'कोले' म्हणजे पित्त आणि 'स्टेरिओस' म्हणजे घट्ट. नावावरून वाटते तसा तो शत्रू मात्र नाही. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते. स्त्री-पुरुषांची संप्रेरके, ड जीवनसत्त्व आणि अन्नातील स्निग्धांश पचवणारा पित्तरस हे सर्व त्याच्यापासूनच तयार होते. त्याच्याशिवाय माणूस जगू शकणार नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी, की शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल, ढोबळमानाने तीन चतुर्थांश, आपले शरीर स्वतःच तयार करते. त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. बाहेरून अन्नातून येते ते उरलेले. त्यामुळे 'कोलेस्टेरॉल असलेला पदार्थ खाल्ला म्हणून कोलेस्टेरॉल वाढले', इतका हा हिशेब सरळ नाही.

तेल पाण्यात मिसळत नाही हे आपण रोज पाहतो. कोलेस्टेरॉलही रक्तात विरघळत नाही. त्याला वाहून नेण्यासाठी शरीरात प्रथिनांचे वेष्टन असलेले सूक्ष्म कण असतात. त्यातील एल.डी.एल. हे कण यकृताकडून कोलेस्टेरॉल घेऊन शरीरभर पोचवतात. एच.डी.एल. हे कण ठिकठिकाणचे जास्तीचे कोलेस्टेरॉल परत यकृताकडे आणतात. एल.डी.एल. गरजेपेक्षा जास्त झाले आणि वर्षानुवर्षे तसेच राहिले, तर ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचू लागते. तेथे सूज येते, थर चढतो, वाहिनी अरुंद होते. एखाद्या दिवशी हा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाचा रक्तपुरवठा थांबतो. यालाच आपण अटॅक म्हणतो. मेंदूच्या वाहिनीत असेच घडले तर लकवा मारतो. हा थर बसताना काहीही दुखत नाही, हेच या रोगाचे खरे कपट आहे.

रक्तातील एल.डी.एल. काढून घेण्याचे काम मुख्यतः यकृत करते. त्यासाठी यकृताच्या पेशींवर एल.डी.एल. पकडणारे जणू दरवाजे असतात. ते शोधून काढणाऱ्या ब्राउन व गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या शोधामुळे आहाराचा संबंध समजणे सोपे झाले. तुपासारख्या घट्ट होणाऱ्या, म्हणजे संपृक्त स्निग्धांशाचे प्रमाण आहारात वाढले, की हे दरवाजे कमी होतात आणि एल.डी.एल. रक्तातच फिरत राहते. त्याऐवजी पातळ राहणारी, म्हणजे असंपृक्त तेले आली, की दरवाजे वाढतात आणि रक्त मोकळे होऊ लागते. म्हणून ताटात कोलेस्टेरॉल किती आहे यापेक्षा ताटात कोणत्या प्रकारचा स्निग्धांश आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

शिवडीचा पिवळा डबा

या प्रश्नाचा आपल्या महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. द्रव तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते तुपासारखे घट्ट करण्याची युक्ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी शोधली. १९३२ मध्ये मुंबईत शिवडी येथे असे वनस्पती तूप बनवण्याचा कारखाना सुरू झाला आणि १९३७ मध्ये 'डालडा' हे नाव बाजारात आले. 'डाडा' या डच कंपनीच्या नावात लिव्हर कंपनीचा 'ल' घालून ते तयार झाले. माडाचे चित्र असलेला तो पिवळा डबा पुढे घराघरात पोचला. डबा रिकामा झाल्यावर त्यात धान्य राहिले, तुळस लागली आणि तो पाणी भरण्यासही उपयोगी पडला. साजूक तूप ज्यांना परवडत नव्हते त्यांच्या घरी सणासुदीचा शिरा आणि लग्नातील बुंदी याच तुपात झाली.

त्या काळी वनस्पती तुपाबद्दल तक्रार होती ती भेसळीची. साजूक तुपात ते मिसळले तर ओळखू यावे म्हणून त्यात ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती सरकारने केली होती. तिळाचे तेल रासायनिक चाचणीत चटकन रंग देते. खरा धोका मात्र वेगळाच होता आणि तो कळायला अर्धे शतक लागले. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट नावाचा स्निग्धांश तयार होतो. १९९० मध्ये नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान या संशोधकांनी दाखवून दिले, की ट्रान्स फॅटमुळे एल.डी.एल. वाढते आणि त्याच वेळी एच.डी.एल. घटते. म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जगातील कारखानी ट्रान्स फॅट हद्दपार करण्याचे आवाहन केले. आपल्या देशात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल व स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली.

यावरून आता वनस्पती तूप निर्धोक झाले असे मात्र समजू नये. ट्रान्स फॅट कमी झाले तरी घट्टपणा आणण्यासाठी त्यात संपृक्त स्निग्धांश असतोच. खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीमची बिस्किटे आणि स्वस्तातले केक यांतून तो आपल्या पोटात जातो. चहाबरोबर रोज चार खारी खाणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सडपातळ माणसालाही धोका का?

"मी तर बारीक आहे, मला कसले कोलेस्टेरॉल?" असे आपण नेहमी ऐकतो. याचे उत्तर पुण्यात झालेल्या संशोधनात सापडते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर माता व त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे वजनाने कमी, स्नायूंनी बारीक, परंतु अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून असलेली, असे चित्र दिसले. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी एकमेकांची तुलना प्रसिद्ध केली. उंची व वजन यांच्या प्रमाणाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली.

याचा आपल्याशी फार जवळचा संबंध आहे. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजाचे शरीर कमी अन्नावर जगण्यास तयार झालेले असते. अशा शरीराला एकाएकी भरपूर तेल, साखर, मैदा आणि बैठे काम मिळाले, की पोटाभोवती चरबी साठते, ट्रायग्लिसराइड वाढतात आणि एच.डी.एल. घटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार वीस वर्षांवरील शंभर भारतीयांपैकी सुमारे ८१ जणांच्या रक्तातील स्निग्धांशाचा एखादा तरी आकडा बिघडलेला आढळला. त्यातही एच.डी.एल. कमी असणे ही तक्रार सर्वांत मोठी होती. तेव्हा बारीक अंगकाठीच्या भरवशावर राहू नये. आरशापेक्षा कमरेचा पट्टा अधिक खरे बोलतो.

आपले आजी-आजोबा ज्वारी-बाजरीची भाकर, हुलग्याचे माडगे, तांदुळजा, घोळ, पाथरीसारख्या रानभाज्या आणि सुकट खाऊन राहिले. मराठवाड्यातील अशा अन्नाची नोंद शाहू पाटोळे यांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात आहे. ते अन्न गरिबीतून आलेले होते. त्यामागे उपासमार आणि अपमान होता, म्हणून त्याचे उगाच गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्यातील भाकर, कडधान्य आणि पालेभाजी या तीन गोष्टी आज वैद्यकशास्त्र आवर्जून खायला सांगते. गरिबी मागे टाकताना आपण या तीन गोष्टीही मागे टाकल्या, याचा विचार व्हायला हवा.

तेलांची ओळख

कोणत्याही तेलात संपृक्त व असंपृक्त दोन्ही प्रकार असतात, फरक असतो तो प्रमाणात. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के, साजूक तुपात ६० टक्क्यांहून अधिक आणि पामतेलात जवळजवळ निम्मा भाग संपृक्त असतो. शेंगदाणा तेलात हे प्रमाण सुमारे एक पंचमांश असते. तीळ, सूर्यफूल, करडई, सोयाबीन व मोहरी यांच्या तेलात ते त्याहून कमी असते. करडई आणि भुईमूग ही तर आपल्याच मातीतली पिके. जवसाच्या तेलात ओमेगा-३ हा उपयुक्त स्निग्धांश भरपूर असतो. तो तळणात टिकत नाही, म्हणून जवसाची चटणी करून खाणे उत्तम.

एकच तेल वर्षभर वापरण्यापेक्षा आलटून पालटून वापरावे. एक महिना शेंगदाणा, दुसऱ्या महिन्यात करडई किंवा सूर्यफूल, अधूनमधून तीळ किंवा मोहरी, असे केले म्हणजे सर्व प्रकारचे स्निग्धांश मिळतात. वरणभातावर चमचाभर साजूक तूप घेण्यास निरोगी माणसाला हरकत नाही. मात्र ते तेलाच्या मापातच धरावे.

बाजारात पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे मोठ्या अक्षरांत छापून तेल विकले जाते. विद्यार्थी मित्रांनी येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. वनस्पतीपासून काढलेल्या तेलात ते नावापुरतेही नसते. त्यामुळे या छापाईत त्या कंपनीचे विशेष कर्तृत्व काही नाही. पाहायचे ते मागच्या बाजूचे बारीक अक्षर, संपृक्त स्निग्धांश किती आणि ट्रान्स फॅट किती.

महिन्याचा हिशेब

चांगले तेल कोणते यापेक्षाही मोठा प्रश्न आहे तो किती, हा. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात. मग ते तेल घाण्याचे असो वा रिफाइंड. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहाराचा जो नमुना दिला आहे, त्यात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे, म्हणजे चहाचे सहा लहान चमचे. नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुले, असे चौघांचे घर धरू. २७ गुणिले ४ म्हणजे दिवसाला १०८ ग्रॅम. तीस दिवसांचे ३,२४० ग्रॅम. म्हणजे महिन्याला सव्वातीन किलो, किंवा साधारण साडेतीन लिटर. तेल, तूप, लोणी, वनस्पती सर्व मिळून.

आता दुसरी बाजू पाहू. निती आयोगाच्या २०२४ मधील अहवालानुसार देशात दरडोई खाद्यतेलाचा वापर वर्षाला १९.७ किलो एवढा झाला होता. चौघांच्या घराला महिन्याचा हिशेब केला तर तो साडेसहा किलोंच्या वर जातो, अगदी दुप्पट. यात हॉटेल, फरसाण, बिस्किटे यांतून पोटात जाणारे तेलही आले. ते आपल्या किराण्याच्या यादीत दिसत नाही, म्हणून लक्षात येत नाही.

यावर एक साधा उपाय आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरातील तेल मोजून एका डब्यात भरावे आणि डब्यावर तारीख लिहावी. तेल किटलीतून थेट कढईत न ओतता चमच्याने घालावे. महिना संपण्याआधी डबा कोणत्या तारखेला संपला, ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. दर महिन्याला ती तारीख दोन-तीन दिवस पुढे ढकलायची. सहा महिन्यांत जिभेला सवय होते आणि किराण्याचे बिलही उतरते. ही जबाबदारी एकट्या गृहिणीवर टाकू नये. भाजीवर तवंग नाही म्हणून ताट सरकवणारा पुरुष घरात असेल, तर त्या माऊलीचा हिशेब कधीच जुळणार नाही.

मिसळ, फरसाण आणि तळणीचे तेल

आपल्या नाशिकची मिसळ प्रसिद्ध आहे आणि तिचा अभिमान असणेही स्वाभाविक आहे. मिसळीतली मटकी हे उत्तम कडधान्य आहे. अडचण आहे ती वरच्या तर्रीची, फरसाणाची आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावाची. महिन्यातून एखाद्या रविवारी मिसळ खावी, तर्री वेगळी मागून दोन चमचेच घ्यावी, पाव एकच खावा आणि कांदा-लिंबू भरपूर घ्यावे. घरी मोड आलेल्या मटकीची उसळ तर रोज खाल्ली तरी चालेल.

तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवणे हा मात्र खरा धोका आहे. तेल वारंवार तापले की ते काळे, दाट व फेसाळ होते, त्यात घातक संयुगे तयार होतात आणि ट्रान्स फॅटही वाढू शकते. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील अशा संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेल्यास ते तेल वापरण्यास कायद्याने बंदी आहे. कारखान्याच्या गेटबाहेर वडे-भजी खाणाऱ्या सातपूर, अंबडच्या कामगार बांधवांनी कढईतील तेलाचा रंग पाहूनच पुढे जायचे की थांबायचे ते ठरवावे. घरी पुऱ्या तळून उरलेले तेल पुन्हा तळणीला न वापरता गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे.

अंडी, मटण आणि मासळी

एका अंड्यात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते आणि ते सर्व पिवळ्या बलकात असते. तरीही बहुतेक निरोगी माणसांना दिवसाला एक अंडे खाल्ल्याने विशेष अपाय होत नाही, असे आजचे संशोधन सांगते. स्वस्तात उत्तम प्रथिने देणारा तो पदार्थ आहे. वाढत्या मुलांचे अंडे तर कोलेस्टेरॉलच्या भीतीने मुळीच बंद करू नये. ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकार आहे त्यांनी बलकाविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

मटण घेताना चरबी काढून टाकण्यास सांगावे. रस्सा थंड झाल्यावर वर जो थर गोठतो तो काढून मग पुन्हा गरम करावा. भेजा, कलेजी यांत कोलेस्टेरॉल फार असते. भेज्यात तर अंड्याच्या कितीतरी पट. म्हणून ते क्वचितच खावे. कोंबडी कातडी काढून खावी. बांगडा, तारली यांसारख्या मासळीत ओमेगा-३ असल्याने ती आठवड्यातून दोनदा खाणे हितकारक आहे, मात्र तळण्यापेक्षा कालवण करावे. सुकट-बोंबील चांगलेच, पण त्यांत मीठ फार. रक्तदाब असणाऱ्यांनी ते पाण्यात भिजवून, धुऊन, बेताने घ्यावे.

काय वाढवावे?

आतापर्यंत कमी काय करावे ते पाहिले. वाढवण्यासारखेही पुष्कळ आहे. डाळी, कडधान्ये, मेथी, भेंडी, पेरू, सफरचंद, इसबगोल यांतील चिकट तंतू आतड्यात पित्तरसाला धरून ठेवतात आणि शौचावाटे बाहेर नेतात. पित्तरस कमी पडला की तो पुन्हा बनवण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. आपल्या मुठीतल्या हरभऱ्याचे हे केवढे मोठे काम! दिवसातून एक वाटी उसळ, एक पालेभाजी, कच्ची कोशिंबीर आणि एक फळ, एवढे तरी नियमाने व्हावे. मूठभर भाजलेले शेंगदाणे फरसाणाच्या जागी खावेत.

एक इशाराही द्यावासा वाटतो. तेल कमी केले आणि त्या जागी साखर, मैदा, पांढरा भात वाढवला, तर लाभ होत नाही. ट्रायग्लिसराइड वाढतात. दारूनेही ते वाढतात. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी यांनी रक्तवाहिन्यांचे थेट नुकसान होते. व्यसन चालू ठेवून नुसते तेल बदलणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे. आहाराच्या जोडीला आठवड्यातून निदान १५० मिनिटे झपाझप चालणे हवेच.

तपासणी आणि औषध

रक्ताच्या या तपासणीला लिपिड प्रोफाइल म्हणतात. सर्वसाधारणपणे एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत, ट्रायग्लिसराइड १५० च्या आत, एच.डी.एल. पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० च्या वर असावे. भारतीय हृदयरोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये प्रथमच आपल्या देशासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत एल.डी.एल. सर्वसामान्य माणसात १०० च्या आत, मधुमेह किंवा रक्तदाब यांमुळे धोका जास्त असलेल्यांत ७० च्या आत, आणि अटॅक येऊन गेलेल्यांत ५५ च्या आत ठेवण्यास सांगितले आहे. म्हणजेच एकच आकडा सर्वांना लागू नाही. तपासणी चाळिशीची वाट न पाहता करून घ्यावी. घरात कोणाला तरुण वयात अटॅक आला असेल तर विशेषच. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांचाही धोका वाढतो. त्यांच्या तपासणीचा दिवस मात्र घरातल्या सर्वांचे झाल्यावरही उगवत नाही.

पथ्याने एल.डी.एल. कमी होते, पण त्यालाही मर्यादा आहे. काही कुटुंबांत कोलेस्टेरॉल जन्मजातच जास्त असते. तेथे नुसते पथ्य पुरत नाही. अशांसाठी, तसेच अटॅक येऊन गेलेल्यांसाठी स्टॅटिन गटातील गोळ्या आहेत. जपानचे अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून या औषधाचे मूळ शोधले आणि त्यामुळे जगभर असंख्य प्राण वाचले. "आता आकडा बरोबर आला" म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. आकडा गोळीमुळेच बरोबर आलेला असतो. हा लेख वाचून तर कोणीही औषधात बदल करू नये. 'कोलेस्टेरॉल वितळवणाऱ्या' काढ्यांच्या जाहिरातींपासूनही दूर राहावे.

सामुदायिक भोजनाविषयी

शेवटी एक सूचना. घरात एकट्याने नियम पाळणे कठीण जाते. चार माणसांत तोच नियम सोपा होतो. आपल्याकडे जयंती, पौर्णिमा, लग्नकार्य यांत शेकडो माणसे एका पंगतीला जेवतात. तेथील आचाऱ्याला आपण तांदूळ किती, गहू किती हे लिहून देतो, तेल मात्र 'लागेल तेवढे' म्हणतो. यापुढे तेलाचेही वजन यादीत लिहून द्यावे. पुरीऐवजी चपाती किंवा भाकर, बटाट्याच्या रश्श्याबरोबर मटकीची उसळ, वनस्पतीतल्या बुंदीऐवजी एक फळ, असा बेत एखाद्या कार्यक्रमापासून सुरू करता येईल. सोसायटीच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब व साखरेबरोबर लिपिड प्रोफाइलचीही सोय व्हावी, अशी कार्यकारिणीला विनंती आहे.

विद्यार्थ्यांनी एक काम करावे. गणिताच्या वहीचे शेवटचे पान घ्यावे आणि घरात या महिन्यात किती तेल, तूप, वनस्पती आले ते लिहावे. त्याला माणसांच्या संख्येने व तीसने भागावे. उत्तर किती ग्रॅम आले ते आईवडिलांना दाखवावे. २७ च्या आसपास आले तर त्यांचे अभिनंदन करावे. ५० च्या वर आले तर ते पान स्वयंपाकघरात लावून ठेवावे. आईवडिलांनी आपल्या शिक्षणासाठी आयुष्यभर हिशेब सांभाळला, त्यांच्या आयुष्यासाठी एवढा हिशेब मुलांनी जरूर सांभाळावा.